गोठ्यावरून जाणारी होडी

पाराचिके या कोळ्यांच्या गावाच्या धक्क्यावर आउरेल्यो केरेवालू रोज सकाळी समुद्रात हात बुडवायचा आणि होडी काढायची की नाही ते ठरवायचा. त्या डिसेंबरात त्याने हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पाणी कोमट होतं.

एल निन्यो आला होता. एरवी दक्षिणेचा वारा किनाऱ्यावरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या गारव्यावर अँचोवी ही बारकी मासळी पोसते, आणि अँचोवीवर पक्षी, मोठे मासे, पाराचिके. त्या वर्षी वारा ढिला पडला म्हणून पाणी तापलं, आणि पाणी तापलं म्हणून वारा आणखी ढिला पडला. रुसलेल्या नवरा-बायकोसारखं, आधी कोण रुसलं हे कोणाला सांगता येईना. मासे दूर गेले. पेलिकन धक्क्यावरच्या कुत्र्यांशी उष्ट्यासाठी भांडू लागले. आणि तापल्या पाण्यावर चढलेले ढग मागच्या वाळवंटात जाऊन फुटले.

आउरेल्योची बायको देल्फिना त्या वाळवंटातली. तिचा भाऊ कासिमिरो तिथे शेळ्या राखायचा. तुझ्याकडे तोंड धुवायचं तर पाणी उसनं आणावं लागतं, असं म्हणून आउरेल्यो त्याला जन्मभर चिडवत आला होता. मार्चमध्ये तोच कासिमिरो दारात उभा राहिला. त्याच्या सखल रानात नजर पोचेल तिथवर तळं भरलं होतं, आणि पूर आलेल्या नदीबरोबर शिरलेले बोय मासे त्यात उड्या मारत होते. हे पाणी काही वर्षांनी परत येतं, असं त्याचा बाप सांगायचा. पण मधली वर्षं इतकी कोरडी गेली की कासिमिरोने गोठा नेमका तिथेच बांधला, अल्गारोबोच्या झाडांची सावली तिथे होती म्हणून. शेळ्या वेळेवर उंचावर नेल्या. गोठा बुडाला.

"दाजी, समुद्र माझ्या दारात आलाय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त होडी आणा."

डबक्यात जाळं टाकायचं, या विचाराने आउरेल्यो ओशाळला. देल्फिनाने रिकामी कढई त्याच्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी होडी ट्रकवर चढली.

तळ्याखाली झाडं उभी होती, आणि धड म्हणावं असं एकच जाळं आउरेल्योकडे उरलं होतं. ते फाटलं तर घर कशावर चालायचं? म्हणून पोहता न येणारा कासिमिरो होडीत पुढे बसून पाण्याखालची वाट सांगू लागला: इथे कुंपण, डावीकडे विहीर, त्यापुढे बाभळीसारखी काटेरी झुडपं. मासळी चांगली लागू लागली.

एका दुपारी वाऱ्याने होडी सरकली आणि जाळं अडकलं. आउरेल्योने ओढलं. खाली लाकूड करकरलं.

"गोठ्याचं आढं आहे," कासिमिरो म्हणाला.

अजून जोर लावला तर आढं उखडेल आणि जाळं सुटेल, हे आउरेल्योच्या हाताला कळत होतं.

"ओढा की. बुडालेला गोठा मला काय करायचाय?"

"पाणी काय इथे घर करून राहणार आहे? वारा फिरेल, समुद्र गार होईल, हे आटेल. मग शेळ्या कुठे बांधशील, माझ्या होडीत?"

त्याने सुरी काढली आणि जाळं कापलं. हातात आलं ते निम्मंच.

आउरेल्योने ते होडीत ओढून घेतलं. मग कासिमिरोने विचारलं, एवढ्यात भागेल का.

"भागवू. आता खाली काय आहे?"

कासिमिरोने पाण्याकडे पाहत आठवून पाहिलं.

"मोकळी वाळू."

आउरेल्योने उरलेलं जाळं झटकलं आणि टाकलं.