स्वतःच्या तिकिटावर

भिमाजी कोथिंबिरे एकोणीस वेळा डलहौसीला जाऊन आले होते. विसाव्या खेपेला ते पुऱ्यांची कणीक मळत असताना एका पाहुणीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "महाराज, हे ठिकाण कुठलं हो? काल दुपारी गेलो होतो, नाव काही केल्या आठवेना." फोटोत हिरवंगार माळरान होतं, कडेने देवदारांची गर्दी आणि मध्ये इवलंसं तळं. भिमाजी बघत राहिले.

"म्हायती न्हाई बाई," ते म्हणाले.

मागे चहाला थांबलेले चारपाचजण हसले. "अहो महाराज, खज्जियार! तिथले डबे तुम्हीच तर बांधून दिलेत."

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. भिमाजींनीही हसून घेतलं. पण ती टूर संपवून ते पुण्याला उतरले आणि थेट कंपनीच्या ऑफिसात जाऊन मॅनेजर हर्षलला म्हणाले, "मी आता येनार न्हाई."

भिमाजी आणि मी नगरच्या केडगावात एकाच गल्लीत राहतो. ते मूळचे काष्टीचे. लग्नाच्या पंगती करता करता तेवीस वर्षांपूर्वी ते एका सहल कंपनीत स्वयंपाकी म्हणून लागले. आडनाव कोथिंबिरे आणि काम स्वयंपाकाचं, त्यामुळे दर टूरला पहिल्या जेवणाला यावरून एक तरी विनोद व्हायचाच. मनालीच्या थंडीत डाळ शिजत नाही, तिथे ते नगरहून नेलेल्या तुरीचं वरण करायचे. मदुराईत पिठलं-भाकरी, अमृतसरमध्ये साबुदाण्याची खिचडी. आपली माणसं जग बघायला निघतात, पण ताटात घरचंच लागतं, आणि ते ताट भिमाजी वाढायचे. सहाला चहा, सातला नाश्ता, आठला मॅनेजरची शिट्टी आणि गाडी. गाडी गेली की भांडी, भाजी, संध्याकाळची तयारी. कधी कंपनीचा टेम्पो पुढच्या गावाला आधीच निघायचा आणि त्यात सिलिंडरशेजारी भिमाजी. कन्याकुमारीचा सूर्योदय सगळ्या भारताने पाहिला असेल, भिमाजींनी नाही. त्या वेळी त्यांचे पोहे परतायचे असत.

जूनमध्ये ते घरी बसले. बसले म्हणायचं आपलं. पहाटे जाग यायची, मग चहा करून ते गल्लीत येरझाऱ्या घालायचे. सात वाजता रेल्वे स्टेशनवर जाऊन येत. दहाला भाजी बाजार, दुपारी पुन्हा कुठेतरी. दोनच माणसं असलेल्या घरात एकदा त्यांनी एवढा मसालेभात केला की अख्ख्या गल्लीला वाटावा लागला. विजयमालावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "हे टूरवर हुते तवा मला घर मोठं वाटायचं. आता पाय टाकायला जागा न्हाई."

वहिनी नागापूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या करतात. रोज सकाळी कंपनीच्या बसने जातात, तीनचारशे चपात्या लाटतात आणि दुपारी परत येतात. नवरा अख्खा देश हिंडला, पण या बाई शिर्डी आणि शिंगणापूर सोडून कुठे गेल्या नव्हत्या.

सप्टेंबरात भिमाजींनी जाहीर केलं, "आपन दोघं खज्जियारला जायचं. आपलं आपन. टूर न्हाई, शिट्टी न्हाई, मॅनेजर न्हाई. पायजे तवा उठायचं, पायजे तिथं थांबायचं."

वहिनींना ते पटेना. भांडण माझ्यासमोरच झालं, कारण तिकीट माझ्याकडून काढून घ्यायचं होतं.

"जायचं तर टूरनंच जायचं," वहिनी म्हणाल्या. "मला हातात ताट पायजे. कुनीतरी म्हनावं, बाई बसा, गरम हाय तवर खाऊन घ्या. एवढीच माझी हौस हाय. तुमच्यासंगं एकटं गेलं तर हॉटेलात पन तुमी मला कांदा चिरायला लावाल."

"टूरमदी काय दिसतं गं? अर्धा तास! फोटो काढा, चला गाडीत. म्या बघितलंय समदं."

"तुमी कुठं बघितलंय? तुमी तर शेगडीपाशी हुता."

त्यावर भिमाजी उठून बाहेर गेले. शेवटी त्यांची मुलगी पंकजा पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, एकदा जा त्यांच्याबरोबर. नाहीतर ते तुला वेड लावतील." मग वहिनी तयार झाल्या. मी झेलम एक्सप्रेसची दोन तिकिटं काढून दिली आणि डलहौसीतली एक खोली मोबाईलवर ठरवली. खोलीच्या फोटोत भलीमोठी खिडकी होती आणि खिडकीत दरी. पुढचं सगळं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. ते जुळवून मी सांगतोय.

गाडी दिल्लीच्या अलीकडेच साडेचार तास रखडली. भिमाजी दर स्टेशनला खाली उतरायचे. वहिनींचा जीव टांगणीला लागायचा. हे पाणी आणायला जातात आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला पुरीभाजीच्या गाड्यापाशी उभे राहून तेल किती वेळा वापरलंय ते बघत बसतात. गाडी सुटताना धावत चढायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा वहिनींनी त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली. "टूरमदी मानसं मोजून घेत्यात ना? मग मला बी तुमाला मोजू द्या."

पठाणकोटहून बसने ते डलहौसीला पोचले. खोलीला खिडकी होती, पण ती हॉटेलच्या भटारखान्यावर उघडत होती. समोरचा पंखा सगळा धूर आत सोडत होता. वहिनी पलंगाच्या काठावर बसून राहिल्या. भिमाजी मात्र खिडकीपाशी जाऊन नाकाने वास घेत म्हणाले, "कांदा करपवला रं यानं."

वहिनी उठल्या. जिना उतरून काउंटरवर गेल्या. हिंदी त्यांना टीव्हीवर ऐकण्यापुरती येत होती. त्यांनी मोबाईलमधला फोटो काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट आपटलं. "भैया, फोटो में खिडकी. खिडकी में पहाड. हमको यही मंगता." माणूस काही सांगू लागला. वहिनी तेच वाक्य पुन्हा बोलल्या. तिसऱ्यांदा बोलल्या तेव्हा त्याने वरच्या मजल्याची किल्ली काढून दिली.

"तेवीस वर्षांत म्या कुनाला खोली बदलून मागितली न्हाई," भिमाजी मला नंतर म्हणाले. "आमाला भटारखान्याशेजारचीच खोली मिळायची. मला वाटलं, आपली खोली हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे बसने खज्जियारला गेले. माळरान फोटोतल्यासारखंच होतं, नुसतं मोठं. भिमाजी कडेला उभे राहिले. मग मधोमध गेले. तळं बघितलं, देवळात जाऊन आले, घोडेवाल्यांशी बोलले, सशाबरोबर फोटो काढून देणाऱ्या बाईला नको म्हणाले. घड्याळात बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती.

"झालं," ते म्हणाले. "आता?"

वहिनी एका देवदाराखाली बसल्या होत्या. शेजारी एक पहाडी बाई लोकरीचे मोजे विणत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईने सुया पुढे केल्या, वहिनींनी चार टाके घातले, बाईने ते उसवले, पुन्हा दाखवले. भिमाजींनी माळाला एक वळसा घातला. परत आले तरी वहिनी तिथेच. दुसरा वळसा. पायांत गवत येत होतं, ऊन छान होतं, कोणी शिट्टी मारत नव्हतं, आणि त्यांना काही म्हणता काही सुचत नव्हतं. कुठे टोप घासायचा नव्हता. साठ माणसांची कणीक भिजवायची नव्हती. ते एका टपरीवर चहा प्यायले आणि टपरीवाल्याला आलं आधी ठेचून टाकायला सांगून आले. मग तिसरा वळसा. असं करता करता दुपार कलली.

"बस हाय," त्यांनी येऊन सांगितलं. "परतीची शेवटची. ऊठ."

"बसा की जरा."

"अगं, शेवटची हाय!"

"ह्यो एक पंजा हुतोय बघा," वहिनी मोजा दाखवून म्हणाल्या.

भिमाजी एकटेच रस्त्याकडे धावले. बसवाल्याला थांबायला सांगितलं, परत धावत आले, वहिनी अजून उठत होत्या, पदर झटकत होत्या. बस वळणावर गेली. भिमाजींचा आवाज चढला. आता जायचं कसं, राहायचं कुठे, टॅक्सीवाले काय म्हणतील, तुला काही पोच आहे का. लोक बघायला लागले.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अवं, आठला गाडी, आठला गाडी करत तुमी जन्मभर दुसऱ्याची गाडी गाठून दिली. आज कुनाची गाठायची हाय? तुमीच म्हनला हुता, पायजे तिथं थांबायचं. मला हितं थांबायचं हाय."

 भिमाजी गवतात बसले आणि लगेच उठले.

मोजेवाल्या बाईने खुणांनी राहणार का विचारलं आणि स्वतःच्या दिराच्या घरी एक खोली दाखवली. संध्याकाळी चुलीपाशी तिने राजमा शिजवला, दह्यात घोटून काहीतरी केलं आणि भात उपसला. भिमाजी तीनदा उठून चुलीजवळ गेले. एकदा मीठ बघायला, एकदा लाकडं सारायला, एकदा नुसतेच. तिसऱ्यांदा त्या बाईने त्यांचा दंड धरून त्यांना पाटावर बसवलं आणि पुढ्यात थाळी ठेवली. वहिनींच्या पुढ्यातही ठेवली. वहिनी म्हणतात, त्या जेवणाची चव त्यांना सांगता येणार नाही, कारण त्या जेवत कमी आणि नवऱ्याकडे बघत जास्त होत्या. ते मान खाली घालून, भराभर, उभ्याने जेवणाऱ्या माणसासारखे जेवत होते. मग बाईने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "लई झालं, माय." मराठीतच.

सकाळी धुकं होतं. माळावर माणूस नव्हतं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या आणि भिमाजी पिशवी भरून बसची वेळ विचारत होते.

परत आल्यावर भिमाजी माझ्या ओट्यावर आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "एक इचारू का? मला वाटायचं येळ न्हाई म्हनून बघायचं ऱ्हातंय. येळ मिळाला तर डोळं ठरंनात. आमची ही एका झाडाखाली दिवस काढती, आन् मी माळाला चकरा मारतो. असं का व्हावं?"

मला काय सांगता येणार! मी म्हणालो, "सवय असेल."

"सवय म्हनायची का ह्येला," असं म्हणत ते निघून गेले.

डिसेंबरात त्यांनी हर्षलला फोन केला. राजस्थानच्या टूरला कंपनीला स्वयंपाकी हवाच होता. भिमाजींनी एकच मागणी केली. दर टूरला एक दिवस ते पाहुण्यांबरोबर गाडीत बसणार, त्या दिवशीचं जेवण बाहेर. हर्षलने कुरकुरत मान्य केलं. पहिल्या दिवशी भिमाजी गाडीत पुढच्या सीटवर बसले, किल्ला बघायला उतरले, आणि गाईड बोलत असताना मागच्या दरवाज्याने किल्ल्याची जुनी चूल शोधायला गेले. हर्षलला त्यांना हुडकायला माणूस पाठवावा लागला. तरी त्यांनी तो दिवस सोडलेला नाही. किती बघतात कोण जाणे, पण जातात.

टूर पुन्हा सुरू झाल्या म्हणून वहिनींना वाईट वाटलं का, असं मी विचारलं. त्या हसल्या. "हे घरात बसले असते तर मी येडी झाली असती. आन् मला आता त्यांची वाट बघायची गरज न्हाई."

खरंच नव्हती. जानेवारीत कँटीनमधली मैत्रीण छबूबाई आणि त्या, अशा दोघीजणी हंपीला निघाल्या. तिकिटं वहिनींनी स्वतःच्या मोबाईलवर काढली. माझ्याकडे फक्त एकदा दाखवायला आल्या, नाव बरोबर पडलंय का म्हणून. छबूबाई सारखी विचारत होती, टूरवाले न्यायला येतील ना? वहिनी म्हणाल्या, टूरवाली मीच.

हंपीजवळच्या होसपेटला उतरल्यावर ठरवलेल्या खोलीवाल्याचा फोन लागेना. दोघी स्टँडवर पिशव्यांवर बसल्या होत्या. तेवढ्यात जैसलमेरहून भिमाजींचा फोन आला.

"पोचलीस का?"

"पोचले."

"खोली मिळाली?"

"न्हाई अजून. बघू."

"बघू म्हंजे? संध्याकाळ व्हायला आली! कुठं ऱ्हानार तुमी? थांब, मी हर्षलला इचारतो, तिकडं कुनी वळखीचं हाय का. तू जागेवरनं हलू नगं. छबूबाईला एकटी सोडू नगं. ऐकतीस का?"

"ऐकते. तुमचं वरण झालं का?"

"वरनाचं सोड! तू खोलीचं सांग!"

वहिनींनी फोन कानाशी धरून ठेवला. समोर एक बाई केळी विकत होती, तिच्याकडून त्यांनी खुणेने अर्धा डझन मागितली. पलीकडून भिमाजी बोलत होते, मध्येच कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगत होते, पुन्हा खोलीचं विचारत होते, आणि सिमेंटच्या फरशीवर त्यांच्या चपला इकडून तिकडे, तिकडून इकडे वाजत होत्या.