मडगार्डामागचं ताम्हण

माझे बाबा भोकं बुजवायला बसले की भोकं वाढायची. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. त्या वेळच्या वाकोल्यातल्या आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

गिरणीत ते वेल्डर होते. तिथे सगळं बोटभर जाडीचं लोखंड. घरात खुर्चीचा पाय निखळला तरी ते आधी गिरणीचा बॉयलर आपण कसा जोडला ते सांगत आणि मग खुर्चीकडे वळत. तोवर आईने पाय सुतळीने बांधून टाकलेला असे. मग संप झाला, गिरणीला कुलूप लागलं आणि बॉयलरची गोष्ट सकाळ-संध्याकाळ ऐकावी लागू लागली. मी सांताक्रूझला एका कचेरीत टायपिस्ट होते. घर माझ्या पगारावर चालायचं आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

गल्लीच्या टोकाला एक गॅरेज होतं. तिथे एक म्हातारी मोटार आली. तिच्या हौशी मालकाला ती पुन्हा नव्यासारखी करून हवी होती. खाऱ्या हवेने पुढच्या मडगार्डाची पार चाळण झालेली. गॅरेजवाला शेठ बाबांना म्हणाला, "काका, भोकात लांबीचा लगदा भरून वर रंग फासणारे माझ्याकडे खूप आहेत. ही भोकं वेल्डिंगने बुजवून दाखवा. सोमवारी मालक बघायला येतोय. जमलं तर तुमची नोकरी पक्की."

"जमलं तर म्हणे!" बाबा घरी येऊन म्हणाले. "अरे, ज्याने बॉयलर जोडला त्याला हा शेठ मडगार्ड दाखवतो!" मग जरा आवाज उतरवून, "नाहीच जमलं तर गावाला जाऊ. भावाच्या घरात एक खोली देतीलच."

एरवी गावच्या आंब्याफणसांचं कौतुक करताना आई थकत नसे. त्या दिवशी ती गावाबद्दल एक अक्षर बोलली नाही. दिराच्या घरात बाबा मिंधे होऊन जेवणार, हे तिला दिसत असावं.

पत्रा निघाला पापडासारखा. वेल्डिंगची कांडी टेकवली की कडा वितळून आत गळायच्या. मसुराएवढं भोक वाटाण्याएवढं झालं, वाटाण्याचं सुपारीएवढं. बाबांनी आधी करंटला शिव्या घातल्या, मग कांडीला, मग ज्या कोणी तो पत्रा बनवला त्याच्या सात पिढ्यांना. शनिवारी संध्याकाळी मी मडगार्ड बघून आले आणि म्हणाले, "बाबा, असंच चाललं तर सोमवारी मालकाला मडगार्ड दिसणारच नाही. नुसतं भोक दिसेल."

एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ते नुसते भिंतीला टेकून बसले आणि जेवायला उठले नाहीत. मला माझ्या जिभेचा राग आला.

आईने ताट झाकलं. "काय अडलंय ते तरी सांगा," ती म्हणाली.

"मागून तांब्याचा टेकू हवा," बाबा म्हणाले. "तांब्याला हे लोखंड चिकटत नाही. वितळलेला थेंब आत न गळता जागच्या जागी थिजतो. गिरणीत तांब्याची पट्टी होती. पण ती सपाट. मडगार्डाला बाक आहे, इथे काहीतरी पसरट, गोल बुडाचं..."

बोलता बोलता त्यांची नजर देव्हाऱ्यावर गेली. जन्मात कधी त्यांनी देवाकडे इतक्या भक्तिभावाने बघितलं नव्हतं. देव ज्यात रोज अंघोळ करायचे ते आईचं माहेरचं तांब्याचं ताम्हण तिथे होतं. पसरट आणि गोल बुडाचं. आईनेही बघितलं.

चिडली किंवा फार माया आली की आई मालवणीत शिरायची. "ह्या तुमच्या हातात मी देवचंय नाय," ती म्हणाली. बाबांनी मान खाली घातली. "मीच धरतंय."

रविवारी गॅरेज बंद असायचं, पण शेठने किल्ली बाबांकडे दिली होती. आईने ताम्हण पिशवीत घालून पदराखाली घेतलं, जशी काही कोणाच्या बारशाला निघाली होती. मी मागून गेले. मडगार्ड गाडीवरून काढून लाकडी घोडीवर ठेवलं होतं. आई त्याच्या पाठीमागे पाटावर बसली. ओल्या गोणपाटाने ताम्हण धरलं, बूड पत्र्याला घट्ट टेकवलं, तोंड फिरवलं आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

"हलू नकोस गं."

"मी नाय हलत. तुम्ही बोलू नकात."

बाबांनी काळी काच डोळ्यांपुढे धरली. कांडी टेकवली, उचलली. एक ठिपका. थांबले, दुसऱ्या कडेला दुसरा ठिपका. थेंब गळला नाही. आईने ताम्हण सरकवलं तेव्हा ते अलगद सुटलं. बाबांनी आतून बोट फिरवलं आणि आम्हा दोघींकडे असं बघितलं, जणू गिरणीचं कुलूपच उघडलं असावं. संध्याकाळपर्यंत दोघं भांडत होती, "वर घे", "खाली घे", "वर म्हणजे खय?", आणि भोकं एकेक करून बुजत होती. इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी मालकाने बाहेरून हात फिरवला, शेठने आतून. "काका, आतून पण साफ? कसं काय केलंत?"

"गिरणीची पद्धत आहे ही," बाबा छाती काढून म्हणाले. आई रस्त्यापलीकडे भाजी घेत होती. तिने ऐकलं आणि कोथिंबीर निवडत राहिली. नोकरी पक्की झाली आणि त्या संध्याकाळी आमच्या चाळीला बॉयलरऐवजी मडगार्डाची गोष्ट ऐकावी लागली. तीत आई कुठेच नव्हती. मी तोंड उघडणार होते, पण आईने डोळ्यांनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बाबांचा गिरणीतला डबा भरलेला दिसला. गिरणी बंद पडल्यापासून तो माळ्यावर होता. डब्याशेजारी पिशवी होती आणि पिशवीत ताम्हण. चिंचेने घासूनही त्याच्या बुडावरचे काळे डाग गेले नव्हते. देव्हाऱ्यात देव स्टीलच्या ताटलीत बसले होते.

"आई, अगं, देवाचं काय?"

"देवाक काय, स्टीलच्या ताटलीत पण आंघोळ चलता," डब्याची कडी लावत ती म्हणाली. "ह्यांका तांब्याचाच लागता."