अबोलीआईची परतीची वाट

अन्वी, ईशान,

तुमच्या आजोबांना मी एकदा डोंगराच्या पायथ्याशी विसरून आले. हे मी स्वतः लिहून कळवते आहे, कारण हल्ली आजोबा ही गोष्ट तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगतात आणि दर वेळी मी तिच्यात थोडी अधिक निर्दय होत जाते. गेल्या रविवारी तर मी निघताना त्यांना हात हलवून निरोप दिला, इथवर मजल गेली. मी हात हलवला नव्हता. ते मागे राहिलेत हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खुलासे देऊन मी दमले आहे. एकदा काय ते लिहून टाकते.

ईशान, तू तेव्हा जन्मायचा होतास. तुझ्या आईला सातवा महिना लागला होता आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. आमच्या व्हिसाचं काही जमत नव्हतं. आम्ही दोघं नाशिकला फोनकडे बघत बसायचो. अशात माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमच्या कुसुमआजी, सकाळीच घरी आल्या.

"वहिनी, अबोलीआईला घरी आणू या."

दिंडोरीच्या पलीकडे एका डोंगरावर या देवीचं देऊळ आहे. दर्शन घेऊन निघालं की ती आपल्यामागून घरापर्यंत चालत येते आणि घरातलं संकट निवारते, अशी समजूत. अट एकच: घराचा उंबरा ओलांडून पाणी पिईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. पूर्वी म्हणे ती माथ्यावर होती. एका भक्ताला वाटेत राहवलं नाही, त्याने "येतेस ना गं आई?" असं विचारलं, आणि देवी होती तिथेच बसली. म्हणून देऊळ डोंगराच्या मध्यावर आहे, आणि चढताना धाप मात्र पूर्ण डोंगराची लागते.

"वन्सं, मी असलं काही मानत नाही," मी म्हणाले. (मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या पगारात बऱ्याच गोष्टी न मानणं धरलेलं असे.)

"नका मानू. गप्प बसायला मानावं लागत नाही."

"बरं. कधी जायचं?"

गाडी ठरवली. ड्रायव्हर रामनाथ, पेठकडचा. पुढे मी, मधल्या सीटवर वन्सं आणि शेजारच्या शालिनीताई, आणि सर्वांत मागे, गुडघा लांब करता यावा म्हणून, आजोबा. मी यादी केली होती. सगळ्यांचे फोन बंद करून माझ्या पर्समध्ये, कारण सवयीने कोणी 'हॅलो' म्हणायचं. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि बिस्किटंही माझ्याच पर्समध्ये, कारण त्यांच्याकडे दिलेली वस्तू परत येत नाही. शेवटी हजेरी: परतताना बोलता येणार नाही, तेव्हा गाडीत बसलं की मागच्या तिघांनी एकेक हात वर करायचा.

"शाळा आहे का ही?" आजोबांनी विचारलं.

"शाळेतली मुलं इतकं विचारत नव्हती."

रामनाथला मौनाबद्दल सांगायचं मात्र यादीत नव्हतं.

दर्शन झालं, आम्ही तोंडं मिटून उतरलो आणि गाडीत बसलो. मी आरशात पाहिलं. तीन हात वर. मी रामनाथला चल म्हणून खूण केली. त्या तीन हातांपैकी दोन वन्संचे होते, हे मला नंतर कळलं. त्या दोन्ही हात वर करून डोंगराला साकडं घालत होत्या. आजोबा त्या वेळी पायऱ्यांपाशी आपल्या चपला शोधत होते. त्यांनी गाडी निघालेली पाहिली. हाक मारली नाही. नवस होता ना!

वीसेक मिनिटांनी रामनाथ म्हणाला, "म्याडम, बाबा लय शांत झोपले. घोरत बी नाय."

मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर फक्त त्यांची टोपी होती.

शहात्तर वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात काही नाही, गोळ्या आणि फोन माझ्या मांडीवर. आणि मला हेही ठाऊक होतं की ते तिथे कोणाकडे पाणीसुद्धा मागणार नाहीत, कारण मौन त्यांच्या लेकीसाठी होतं. तोंड उघडावं तर तुझ्या आईचं काय, न उघडावं तर तुझ्या आजोबांचं काय? मी मानत नव्हते तरी माझे ओठ उघडेनात. वन्सं ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होत्या.

मी हाताने मागे दाखवलं.

"ऊन लागतंय का? काच वर घेतो."

मी ओठांवर बोट फिरवून आजोबांच्या मिशा काढून दाखवल्या, डोक्यावरची टोपी दाखवली.

"पोलीस? कुठं हाय?" रामनाथने घाईने पट्टा लावला.

मग मी यादीच्या पाठीमागे लिहून कागद त्याच्यापुढे धरला. त्याने गाडी हळू केली, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"म्याडम, हे इंग्रजी हाय. मला नाय येत."

सवय, दुसरं काय. मराठीत लिहायला घेतलं तर वन्संनी मागून पेन हिसकावलं. लिहिणं म्हणजेही बोलणंच, असं त्यांच्या बोटांचं म्हणणं होतं. शेवटी मी हवेत बोट गोल गोल फिरवलं: गाडी वळव.

"चाक?" रामनाथचा चेहरा उजळला. "मला बी वाटतच होतं, गाडी एका अंगाला वढती."

आणि त्याने द्राक्षाच्या मळ्यांलगत, एका कडुनिंबाखाली, पंक्चरच्या दुकानापाशी गाडी उभी केली. मी खाली उतरून दोन्ही हातांनी नको नको म्हणत होते. दुकानदार जॅक लावत होता.

"ह्या बाई मुक्या हायत का?" त्याने विचारलं.

"सकाळी येताना लय बोलत व्हत्या," रामनाथ म्हणाला. "देवळात गेल्या आन् वाचाच गेली."

"अरारा," तो म्हणाला आणि नट सैल करू लागला.

तिसरा नट खाली पडला तेव्हा मला डोळ्यांपुढे आजोबा दिसले: अनोळखी ओट्यावर बसलेले, घाम आलेला, आणि तोंड घट्ट मिटलेलं.

"चाक राहू दे!" मी ओरडले. "गाडी मागे फिरव. आमचे हे मागे राहिले."

दुकानदाराच्या हातातला पाना पडला. त्याने मला नमस्कार केला. वन्सं डोळ्यांना पदर लावून कडुनिंबाच्या बुंध्याकडे बोट दाखवत राहिल्या. देवी तिथे बसली होती.

आम्ही परत पोचलो तेव्हा आजोबा नारळवालीच्या बाकड्यावर होते. ती म्हणाली, "कवाधरनं बसलंय बिचारं. बोलंना काय. मीच गूळ-शेंगदाणे दिले." मी माफी मागितली, त्यांना गोळ्या दिल्या, परत माफी मागितली. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं. नाशिकपर्यंत मी बोलत होते आणि ते गप्प होते. (यात वेगळं काही नव्हतं.) घरी उंबरा ओलांडून ते पाणी प्यायले.

"ही चप्पल माझी नाही," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "पोरीला फोन लाव."

तुझी आई बरी होती. पुढेही बरी राहिली. नऊ महिने भरून तू आलास, आणि वन्संनी निकाल दिला की दादा बोलला नाही म्हणून देवी त्याच्यामागून घरी आली. "आणि वहिनींच्या मागची?" शालिनीताईंनी विचारलं. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या वर्षी दिंडोरीला एका लग्नाला जाताना मी त्या कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड पाहिला. वर पत्र्याचं छप्पर, पुढे रांग. उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांना आणतात म्हणे. रांगेतल्या एका बाईने मला माहात्म्य सांगितलं: नाशिकची एक जन्माची मुकी बाई होती, तिला नवरा टाकून निघून चालला होता, आणि इथे आईने तिला वाचा दिली. म्हणून दगडापुढे तीनदा म्हणायचं, "गाडी मागे फिरव."

"ती बाई मी," मी म्हणाले.

"आजी," ती समजुतीने म्हणाली, "बऱ्याच जणी तसं म्हणतात."

आता तो रस्ता रुंद झाला आहे आणि पंक्चरचं दुकान उठलं. कडुनिंब आणि दगड अजून आहेत. दर मंगळवारी तिथे माणसं माझं वाक्य तीनदा म्हणतात, आणि मी गेले तर मला रांगेच्या शेवटी उभं करतात.