देगलूरकरीण गाडी शिकते

देगलूरकरणीला देव लाज द्यायचीच विसरला होता. चारचौघांत चुकली तरी ती खो-खो हसायची आणि बघता बघता चारचौघेही तिच्याबरोबर हसायचे. मी चुकले की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात आणि दोन दिवस जेवण गोड लागत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, मला या बाईचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

लातूरला क्लासच्या गल्लीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. तिची मुलगी आणि माझा मुलगा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते आणि आम्ही दोघी त्यांच्या डब्यांसाठी आपापली घरं सोडून आलो होतो. त्या गल्लीत आयांना नाव नसतं, गाव असतं. ती देगलूरकरीण. मी पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून ‘नांदेडवाल्या म्याडम’. मुलं क्लासला गेली की दिवस खायला उठायचा. अशातच एकदा माझ्या नवऱ्याने फोनवर चिडवलं, "परीक्षा संपली की गाडी घेऊन येतो. तोवर लायसन्स काढ, नांदेडपर्यंत तूच चालव." आणि वर हसला. ते हसणं मला झोंबलं. घरी जाईन तर स्टेअरिंग धरूनच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मोठ्या माणसांना गाडी शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स मी फोनवर शोधून काढला. मी शोधला, तिने नाही. माझं चुकलं एवढंच, की शेजारधर्म म्हणून तिला सांगितलं. "लई झाक! मीबी शिकते की मग," ती म्हणाली आणि त्याच दुपारी सुरूही झाली.

मी रस्त्यावरच्या खुणा पाठ करत होते. तिने स्वयंपाकघराचीच गाडी केली. पायाशी तीन पाट मांडले, क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. हातात परात धरली की झालं स्टेअरिंग, आणि पिठाच्या डब्यात खोचलेलं लाटणं म्हणजे गिअर. फोनमधले सर "क्लच दाबा" म्हणाले की ही पाट दाबायची, तोंडाने घर्रर्र करायची आणि कढईच्या झाकणात बघून स्वतःलाच दरडावायची, "आरसा बघितला का बाई?" माझा मुलगा माझ्याशी धड चार शब्द बोलायचा नाही, पण तिच्या दारात उभा राहून पोट धरून हसायचा. पोटात माझ्याही दुखायचं, पण ते वेगळ्या कारणाने.

शिकाऊ लायसन्सची परीक्षाही घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. देगलूरकरीण जरीची साडी नेसून बसली. "सरकार बगणार म्हणल्यावर नीट नको का बसायला?" अभ्यास माझा जास्त झाला होता. पण त्या गल्लीत वर्षभर एकच मंत्र कानावर पडायचा, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या, चुकलात तर मार्क कापतात. मुलगा घराबाहेर पडताना रोज मीच त्याला तो ऐकवायचे. तोच मंत्र मी स्वतःवर चालवला. जरा शंका आली की प्रश्न सोडला. शेवटी पडद्यावर ‘अनुत्तीर्ण’ उमटलं. इथे चुकीला मार्क कापतच नव्हते, सोडलेला प्रश्न मात्र वाया जात होता. देगलूरकरणीने सगळ्या प्रश्नांना हात घातला आणि पास झाली.

"येत नव्हतं तिथे काय केलंत?" मी विचारलं.

"तिथं बी दाबलं की कायतरी. सोडून दिल्यावर गाडी फुडं कशी जायची म्याडम?" असं म्हणून तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. तसला बेचव पेढा मी आयुष्यात खाल्ला नाही.

मी दुसऱ्या खेपेला पास झाले, पण तोवर मुलांची परीक्षा तोंडावर आली आणि माझं गाडीला हात लावणं राहून गेलं. ती तर मोटार स्कूलमध्ये जाऊ लागली होती. एकदा आग्रहाने मलाही मागच्या सीटवर बसवून घेऊन गेली. भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ झाला. मी पदराने तोंड झाकून घेतलं. हिने काचेतून डोकं बाहेर काढलं आणि मागच्या टेम्पोवाल्याला म्हणाली, "थांब की बाबा, शिकायलेय मी. तू काय आईच्या पोटातून शिकून आलास?" टेम्पोवाला हसला, खाली उतरला आणि त्यानेच बाकीच्यांना थांबवून तिला वाट करून दिली.

"भीती नाही वाटत तुम्हाला?" परत आल्यावर मी विचारलं.

तिचं माहेर निलंग्याकडचं. "भूकंपात घर अंगावर पडलं हुतं माझ्या," ती भाकरी थापत म्हणाली. "दिवस वर आल्यावर काडलं लोकांनी मातीतून. आता हॉर्नचं कसलं भ्या?"

त्या पहाटे आमच्या नांदेडच्या घरात नुसती फळीवरची भांडी वाजली होती. माणसाने भूकंपाचाही हेवा करावा का? मी केला.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत दोन गाड्या आल्या, एक तिची, एक आमची. तिच्या नवऱ्याने मुकाट्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि मांडीवर कुकर घेऊन तो मागे बसला. "येते म्याडम, आरसा बगत ऱ्हावा!" ती ओरडली. वळणावर गाडी बंद पडली. तिचं हसणं आम्हाला इथवर ऐकू आलं. मग गाडी सुरू झाली आणि उदगीरच्या रस्त्याला लागली. माझा नवरा म्हणाला, "शिकाऊ हातात हायवेला गाडी देत नसतात." मी डावीकडच्या सीटवर बसून नांदेडला आले.

आता माझ्याकडेही पक्कं लायसन्स आहे. मी नियमाने चालवते, सहसा चुकत नाही. परवा मात्र ऐन चौकात गाडी बंद पडली आणि मागे हॉर्न सुरू झाले. देगलूरकरणीचं ते वाक्य इतकी वर्षं मी याच दिवसासाठी जपून ठेवलं होतं. काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, मागच्या माणसाकडे पाहिलं.

"सॉरी," मी म्हणाले. "सॉरी हं."

काच वर घेतली आणि आधी आरसा बघितला. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.