बाईंची चुकलेली बस
पाणी मारलेल्या कोळशाच्या धुळीचा वास आला की घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या ऑफिसातली ती संध्याकाळ आठवते. सर्व्हर बंद पडल्याचं कळवणारा आमचा प्रोग्राम वरचेवर गोठायचा, मग काट्याचा सर्व्हर पडलेला कुणाला कळायचा नाही, आणि वजनकाट्यावर ट्रक अडकले की ड्रायव्हरांच्या शिव्या मला बसायच्या. त्या दिवशीही मी तो रिस्टार्ट करणार, तोच सिरोंच्याला निघालेल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी बॅग खाली ठेवली. "थांब, बंद नको करू त्याले. काऊन अडकून राह्यला, पाहू." प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलं एकाच वेळी चालणारं एकेक काम, कुठे थांबलाय, ते त्यांनी पडद्यावर काढलं. एक थ्रेड लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, धरून बंद पडलेल्या मशीनच्या उत्तराची वाट पाहत होता आणि बाकीचे त्या लॉकसाठी ताटकळले होते. उत्तराची वाट पाहण्याआधीच लॉक सोडायला लावल्यावर सगळे सुरू झाले, पण तोवर बाईंची बस गेली होती. मी ओशाळलो. "सकाळी जाईन नं. तुले समजलं का?" हल्ली कुणी नवीन अडकलं की मीही निघता निघता त्याच्याजवळ बसतो, आणि घरून तिसरा फोन येतो, तेव्हा बाई इतक्या शांत कशा राहिल्या याचं नवल वाटतं.