टिलबर्गचा आकडा

हॉलंडच्या उत्तरेतल्या आमच्या फेन्डाम गावात अख्खी गल्ली शुक्रवारची वाट पाहायची ती लॅमर्ट डाइकेमामुळे. तसा हा माणूस वाट पाहण्यासारखा मुळीच नव्हता. उंची दाराच्या चौकटीएवढी, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा शांत. आणि का नसावा? उभी हयात बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात गेलेली! पण निवृत्त झाल्यावर या गृहस्थाला न्यूजग्रुपचा नाद लागला आणि गल्लीचं नशीब उघडलं.

न्यूजग्रुप म्हणजे इंटरनेटच्या पोटातली जुनी वखार. पूर्वी तिथे लोक नुसत्या गप्पा छाटायचे. पुढे सिनेमे, मालिका, गाणी, वाटेल ते हजारो तुकडे करून तिथे ठेवायला लागले. वर्गणी भरून एखाद्या कंपनीचं खातं घ्यायचं, तुकडे उतरवायचे, संगणक ते सांधून देतो. आता असं खातं एकट्याने वापरणं म्हणजे एकट्यासाठी पातेलंभर वाटाण्याचं सूप शिजवणं. आमच्या लोकांना ते पाप वाटतं. त्यामुळे लॅमर्टच्या खात्यात दोघे होते. एक तो आणि दुसरी, तिकडे दक्षिणेला टिलबर्गमध्ये राहणारी त्याची मुलगी हिल्के. आम्ही शेजारीपाजारी नुसते खाणारे. शुक्रवारी पेन ड्राइव्ह घेऊन जायचं, कॉफी प्यायची, डब्यातलं एक बिस्कीट घ्यायचं (एकच, डब्याचं झाकण लगेच बंद होतं, हा आमच्या गल्लीचा धर्म) आणि आठवडाभराचे खून-दरोडे घेऊन घरी यायचं.

हिल्के आणि लॅमर्ट बोलत नव्हते. त्याला कारण एक कोट. लॅमर्टची बायको आल्त्ये गेली, तेव्हा या शिस्तीच्या माणसाने आठवड्याच्या आत तिचं कपाट रिकामं करून जुन्या वस्तूंच्या दुकानाला देऊन टाकलं. कारखान्यात पाळी संपली की यंत्र पुसून ठेवायचं, तसं. हिल्के आली ती आईचा हिरवा पावसाळी कोट न्यायला. रिकाम्या कपाटाचं दार लावून ती म्हणाली, "पपा, तुम्ही मलाही पुसून ठेवलंत," आणि गेली. पुन्हा फोन नाही. तिच्या वाढदिवसाला लॅमर्ट कार्ड पाठवायचा, उत्तर यायचं नाही.

पण खात्याचा परवलीचा शब्द तिच्याकडे होता. कंपनीच्या पानावर आकडा दिसतो, आज किती माल उतरवला. त्यातून लॅमर्ट स्वतःचा वजा करायचा. उरला तो टिलबर्गचा.

मग कंपनीने नियम काढला: एकाच वेळी दोन घरांतून खातं वापरलं, तर कुलूप. त्या शुक्रवारी आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, तर लॅमर्ट म्हणाला, "बंद केलं मी. सिनेमांचा कंटाळा आला."

"कंटाळा?" मी ओरडलोच. "अहो शेजारी, माझ्या स्वीडिश मालिकेचा शेवटचा भाग राहिलाय! पाद्र्याला कोणी मारलं?"

"पाद्री म्हातारा होता."

"म्हणून त्याच्या पाठीत सुरा?"

"बिस्कीट घ्या," लॅमर्ट म्हणाला.

माझ्या बायकोने, ट्रिनने, मला टेबलाखालून लाथ मारली. तिला माझ्याआधी कळलं होतं. दोघांतल्या एकानेच वापरायचं, तर त्याने तिला वापरू दिलं.

आता वजाबाकीही उरली नाही. आकडा सगळाच्या सगळा टिलबर्गचा. रोज जेवणानंतर लॅमर्ट ते पान उघडायचा आणि नुसत्या आकड्यावरून लेकीचा संसार वाचायचा. हवामान खात्यालाही इतक्या थोड्या ऐवजावर इतकं बोलता येत नाही. "काल काहीच नाही. बाहेर जेवायला गेली असेल." "रविवारी दुपारी भरपूर. म्हणजे तिकडे पाऊस." एकदा आकडा सलग आठवडाभर शून्य राहिला, तर या माणसाची दाढी वाढली. पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्हाला कुंपणावरून हाक मारून सांगितलं, "फ्लू होता तिला. आता बरं आहे."

मग त्या वसंतात आकडा एकदम फुगला. दुप्पट नाही, तिप्पट. लॅमर्ट आमच्या दारात आला, बूट न पुसता. आमच्याकडे याचा अर्थ भूकंप.

"घरात माणूस वाढलंय," तो म्हणाला.

"नवरा?" ट्रिनने विचारलं.

"नवरा एवढं बघत नाही. मी हल्ली पहाटेच उठून पान उघडतो; सकाळी सातपासून आकडा हलायला लागतो. सकाळी सातला कोण बघतं? कार्टून आहेत ती." त्याच्या बटाट्यावर चक्क लाली चढली होती. "मूल आहे."

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण ट्रिनचा पाय जवळच होता.

"मग फोन करा ना," ती म्हणाली.

"नंबर बदललाय तिने."

"तर परवलीचा शब्द बदला. अडलं की झक मारत फोन करेल. तुमचा नंबर तर तोच आहे ना?"

लॅमर्ट म्हणाला, "आणि नाही केला तर? आता निदान आकडा तरी हलतोय."

ट्रिनने त्याला तसंच, न पुसलेल्या बुटांनिशी आत घेतलं, आणि हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

पण आजोबा झालेल्या माणसाला दम धरवत नाही. जूनमध्ये आपल्या वाढदिवसाच्या सकाळी त्याने शब्द बदलला. आम्ही नेहमीसारखे त्याच्या बैठकीत गोल खुर्च्या मांडून बसलो होतो, एकमेकांचं अभिनंदन करत. आमच्यात वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं होतं, अगदी शेजाऱ्याच्या मेव्हण्याचंही. केकचा एकेक तुकडा झाला. लॅमर्ट टेलिफोनशेजारच्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट, आणि ओठ पुटपुटत होते, शाळेत कविता म्हणायच्या आधी मुलाचे पुटपुटतात तसे.

फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला; सगळ्या वर्तुळाला ऐकू गेलं.

"हिल्के?"

"अं... नाही. मी रेन्स. टिलबर्गहून. डाइकेमासाहेब का? तुमचं ते न्यूजग्रुपचं खातं चालत नाहीये आज."

"तू तिचा... हिल्केचा कोण?"

"कोणी नाही हो. तिची खोली माझ्याकडे आली. ती सोडून गेली तेव्हा संगणक मलाच विकला, सगळं चालू होतं त्यावर. म्हणाली, कधी अडलं तर माझ्या वडिलांना फोन कर. संगणकाचं काही विचारलं की ते खूश होतात."

वर्तुळात कोणीतरी काटा ताटलीत ठेवला, तो केवढ्यांदा वाजला.

"कधी गेली?"

"झाली की दोनेक वर्षं. कुठे ते मी नाही विचारलं. मोठी बॅग होती. तुमची कार्डं आलीत बरं का तिच्या नावाने. टाकवली नाहीत, ड्रॉवरमध्ये आहेत."

"तुझ्याकडे लहान मूल आहे?"

"मूल?" पोरगा हसला. "छे! मित्र आलाय राहायला. रात्रपाळी करतो. सकाळी घरी आला की जपानी कार्टून लावून बसतो."

कार्टूनचा अंदाज बरोबर होता. हे मी मनातल्या मनात म्हटलं, आणि तिथेच ठेवलं.

"शब्द बदललाय," लॅमर्ट म्हणाला. "सांगतो. लिहून घे. सगळं सलग, मध्ये जागा सोडायची नाही." मग तो सरळ बसला आणि सकाळपासून पाठ केलेलं हळूहळू, स्पष्ट म्हणाला, "हिरव्याकोटाचंचुकलंमाझं."

"कसलं? कोटाचं?"

"हिरव्या. कोटाचं. चुकलं. माझं."

"बाप रे, केवढा लांब!"

"लांबच बरा," लॅमर्ट म्हणाला. "बघ, चालतोय का."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. आम्ही सगळे थांबलो. मीही. का कोण जाणे, मला तो चालायला हवा होता.

"चालला! थँक्यू हं! आणि ते नवीन नियमाचं... तुम्ही पण वापरता का? मी बंद करू?"

"नको," लॅमर्ट म्हणाला. "तू चालू ठेव. रोज वापरत जा."

त्याने फोन ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही सगळे एखाद्या कपाटातून बाहेर काढलेले कपडे आहोत. मग उठून बिस्किटांचा डबा आणला, झाकण काढलं आणि वर्तुळात फिरवला. सगळ्यांनी एकेक घेतलं. तो पुन्हा पहिल्या खुर्चीपाशी आला आणि तोच डबा दुसऱ्यांदा फिरवायला लागला. आमच्या गल्लीत असं कधीच झालेलं नाही. कोणी हात पुढे केला नाही. तरीही तो प्रत्येकासमोर थांबत होता, झाकण काखेत धरून, आणि म्हणत होता, "घ्या. घ्या ना. कोणासाठी ठेवू?"