बिनउन्हाचं घर

आमच्या गावात, जऊळक्यात, ऊन कमी पडतं, ही अफवा मी पसरवली. (वैशाखात आमच्या अंगणात अनवाणी पाय ठेवला तर फोड येतो. तरी लोकांनी विश्वास ठेवला!)

तेव्हा मी आजी नव्हते, नवी नवी सासू होते. मुलगा-सून तालुक्याला, मालेगावला भाड्यानं राहायचे. आमचे शेजारी रशीदभाई, चपलांचे दुकानदार, घर विकून शेलूबाजारला निघाले होते. म्हटलं, हे घर घ्यावं आणि पोरांना तिथं आणावं. चूल वेगळी, पण फोडणीचा वास मला आलाच पाहिजे! भाव ऐकून मात्र आमच्या यांना ठसका लागला.

"आपलं घर बँकेत ठेवलं तरी पुरणार नाई!"

नेमका तेव्हाच मागच्या माळावर सोलरचा प्रकल्प आला. नजर जाईल तिथवर निळ्या प्लेटा. आणि माझी अक्कल कामाला लागली.

रशीदभाईंचं घर पाहायला पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते.

"ऊन मस्त हाये इथं," तो खालून म्हणाला.

"होतं," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"ह्या प्लेटा सारं ऊन तिकडंच ओढून राह्यल्या ना भाऊ! चार दिस झाले, कुरड्या वल्याच!"

(कुरडया त्याच सकाळी घातल्या होत्या.)

गिऱ्हाईक चहा न घेता गेलं. आठ दिवसांत गल्लीतल्या बाया पापडांचे डबे घेऊन दुसऱ्या आळीत वाळवायला जाऊ लागल्या. एकीनं तर गुडघेदुखीचं खापरही प्लेटांवर फोडलं! घर पाहायला कुणी फिरकेना. भाव उतरत उतरत माझ्या मापात आला आणि रशीदभाई स्वतःच दारात उभे राहिले.

"वहिनी, तुमीच घेऊन टाका. पर असं बिनउन्हाचं घर तुमाले द्याले मनाले बरं नाई वाटत."

मला क्षणभर लाज वाटली. क्षण फार लहान होता.

कर्जासाठी आमच्या घराची किंमत ठरवायला बँकेचा माणूस आला. त्यानं फीत लावली, भिंती ठोकल्या, कागदावर छानसा आकडा लिहिला. जाता जाता कुंपणापलीकडे उभ्या जुबेदाभाभींना, म्हणजे रशीदभाईंच्या बेगमना, विचारलं, "इकडं घराचे भाव कसे काय?"

"गिर गये साहेब! ऊनच नाई राह्यलं!"

"कोण म्हणते?"

"ह्या वहिनी सोता! आन् वहिनी कदी झूठ नाई बोलत!"

माझ्या खरेपणाची एवढी जोरदार साक्ष आजवर कुणी दिली नव्हती. साहेबांनी आकडा खोडून नवा लिहिला. तेवढ्या पैशांत आमचं न्हाणीघरसुद्धा आलं नसतं!

"थांबा साहेब!" मी ओरडले. "ऊन हाये! लय हाये! मी खोटं बोलली!"

"कायले?" यांनी डोळे वटारले.

"ते... रशीदभाईच्या घराचा भाव पाडाले."

साहेबांनी कपाळावरून ओघळणारा घाम पुसला, आभाळाकडं पाहिलं आणि पहिला आकडा पुन्हा चढवला.

रशीदभाई आपल्या दारातून सारं ऐकत होते. मला वाटलं, आता गल्ली जमते! पण ते पोट धरून हसायला लागले.

"वहिनी, ऊन वापस आलं, तं भावबी वापस आला! आन् प्लेटावाले इंजिनिअर भाड्यानं घर मागून राह्यले, त्याचे थोडे वरून!"

"थोडे म्हंजे किती?" यांनी विचारलं. ऐकून पुन्हा ठसका!

पण माझी मान खाली, घासाघीस कोणत्या तोंडानं करणार? बँकेचं कर्ज, वर माझ्या पाटल्या, असं करत घर घेतलं. पोरं शेजारी आली. पुढं गल्लीत जो तो घर विकताना आमचाच आकडा सांगू लागला आणि भाव वर वर गेले. लोक म्हणतात, सोलरनं जऊळक्यातली घरं महाग केली. त्या बिचाऱ्या प्लेटांना उगाच श्रेय देतात. मेहनत माझी होती!